दिवाबत्तीची तरतूद

आमच्या गावाच्या वेशीबाहेर एक बारव आहे. ती अहिल्याबाई होळकरांनी बांधली, असे गाव सांगते. मला कळायला लागल्यापासून मी हे ऐकत आलो आणि पुढे शाळेत शिकवू लागल्यावर मुलांनाही तेच सांगत आलो. खरे पाहता याला कागदाचा आधार नाही. शिलालेख नाही, सनद नाही. चिऱ्यांची घडण, कोनाड्यांच्या चौकटी आणि झिजलेली शिल्पे पाहिली, तर बारव बाईंच्या कितीतरी आधीची, यादवकाळातली असावी असे वाटते. पण महाराष्ट्रात जुनी विहीर, जुना घाट किंवा जुनी धर्मशाळा दिसली आणि कर्त्याचे नाव हरवलेले असले, की लोक ते पुण्य बहुधा याच एका नावावर जमा करतात. असे भाग्य फार थोड्या राज्यकर्त्यांच्या वाट्याला आले.

या बारवेशी माझे एक जुने देणे आहे. १९९१ च्या उन्हाळ्यात तिची दुरुस्ती झाली आणि त्या कामात मी पुढे होतो. वर्गणी काढली, श्रमदान केले. दगडांच्या सांध्यांतून माती निघत होती, म्हणून आम्ही ते सांधे सिमेंटने पक्के भरले. कोनाड्यांना आतून गिलावा केला, वरून ऑइलपेंट दिला. बारव नव्यासारखी दिसू लागली आणि आम्ही नारळ फोडला. पाच-सहा पावसाळे गेले आणि गिलावा फुगून सुटला. सुटताना तो दगडाचे पापुद्रे घेऊन गेला. दोन कोनाड्यांतली नक्षी त्यातच गेली. सांध्यांमधून झिरपणारे पाणी कोंडले गेले आणि एका बाजूच्या भिंतीला पोट आले. आठशे वर्षे उभ्या असलेल्या भिंतीला आम्ही दहा वर्षांत वाकवले.

त्यानंतर मी अहिल्याबाईंचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. आता मला त्यांच्या पुण्याईत रस नव्हता. ही बाई मोडलेल्या वास्तू कशा सावरत होती आणि सावरलेल्या वास्तू पुढे टिकाव्यात म्हणून काय करत होती, हे मला पाहायचे होते.

३१ मे १७२५ हा त्यांचा जन्मदिवस. सीना नदीकाठच्या चौंडी गावचे पाटील माणकोजी शिंदे हे त्यांचे वडील. चौंडी आज जामखेड तालुक्यात आहे आणि जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्याबाईंचेच नाव आहे. मोहिमेवरून जाताना मल्हारराव होळकरांनी चौंडीच्या देवळात ही मुलगी पाहिली आणि सून म्हणून पसंत केली, अशी परंपरागत कथा आहे. १७३३ मध्ये मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. खेड्यातल्या पाटलाची लेक उत्तरेत झपाट्याने वाढणाऱ्या एका सरदारघराण्यात आली.

त्या घरात त्यांना दोन शिक्षक मिळाले. सासरे मल्हाररावांनी त्यांना लष्कराचा आणि वसुलीचा हिशेब शिकवला. स्वतः मोहिमेवर असताना तोफा, दारूगोळा, रसद यांची व्यवस्था ते सुनेवर सोपवत. सासू गौतमाबाईंकडून मात्र त्या वेगळी गोष्ट शिकल्या, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या बांधकामांची किल्ली तिथे आहे. होळकरांच्या दौलतीबरोबरच १७३४ मध्ये पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली होती. तिचे उत्पन्न वेगळे, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. दौलतीचा पैसा फौजेला आणि राज्यकारभाराला. खासगीचा पैसा घरच्या मालकिणीच्या हातात. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि ही खासगी सुनेकडे आली. अहिल्याबाईंनी देशभर जे उभे केले, त्याचा मोठा भार या खासगीने उचलला. दानधर्मासाठी त्यांनी रयतेवर नवी पट्टी बसवली नाही.

पण त्याआधी आणि त्यानंतर घरात काय घडत गेले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्च १७५४ मध्ये भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्या आत होत्या. मुलगा मालेराव नऊ वर्षांचा, मुलगी मुक्ताबाई सहा वर्षांची. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवले, म्हातारपणी मला एकटे टाकू नकोस अशी गळ घातली, आणि त्या थांबल्या. मे १७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर आलेला मालेराव वर्षभरही टिकला नाही. एप्रिल १७६७ मध्ये तोही गेला. तेरा वर्षांत नवरा, सासू, सासरा आणि मुलगा गेले.

या सुमारास दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घ्यावे आणि बाईंनी देवधर्म करत बसावे, असा बेत पुढे केला. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. अहिल्याबाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले या सरदारांकडे मदत मागितली, स्वतः लढाईच्या तयारीला लागल्या आणि पुण्याला थोरल्या माधवरावांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला. राघोबादादांना समाचाराला आल्याचे सांगून परत फिरावे लागले. तुकोजी होळकरांकडे फौज आणि अहिल्याबाईंकडे मुलूख व कारभार, अशी वाटणी ठरली. ती पुढे २८ वर्षे, कुरबुरींसह, चालली.

त्यांनी राजधानीसाठी नर्मदेच्या काठचे महेश्वर निवडले. इंदूर तेव्हा वाढत होते. त्यांच्याच कारकिर्दीत ते खेड्याचे शहर झाले. पण त्या स्वतः महेश्वरला राहिल्या. तिथला त्यांचा वाडा पाहणारा माणूस आधी गोंधळतो. लाकडी खांबांचा, चौकाचा, एखाद्या सुखवस्तू देशमुखाचा असावा तसा वाडा. सगळा दगड, सगळे कोरीवकाम वाड्याबाहेर, नदीवर उतरणाऱ्या घाटांत. राणीने चांगली जागा लोकांच्या आंघोळीला दिली आणि आपण साध्या घरात राहिली, हे तिथे उभे राहिले की न सांगता कळते. महेश्वरला त्यांनी विणकरांना आणून वसवले. घाटावरची आणि किल्ल्यावरची नक्षी पुढे लुगड्यांच्या काठांवर उतरली आणि महेश्वरी लुगडे म्हणून देशभर गेली. नर्मदेच्या मातीची शिवलिंगे करून, पूजा करून ती नदीत सोडण्याचा लिंगार्चनाचा नेम त्यांच्या वाड्याच्या आवारात अजून चालतो.

त्यांच्या कामांची यादी पाठ म्हणायची आपल्याला सवय आहे. १७८० चे काशीविश्वेश्वराचे देऊळ, १७८३ चे सोमनाथ, १७८७ चे गयेचे विष्णुपद मंदिर, काशीचा मणिकर्णिका घाट आणि शिवाय हिमालयापासून रामेश्वरापर्यंत पसरलेल्या धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे. पण यादी म्हणताना एक गोष्ट निसटते. काशीला औरंगजेबाच्या काळात, १६६९ मध्ये, जुने देऊळ पाडले गेले होते आणि त्या जागी मशीद उभी होती. अहिल्याबाईंनी शेजारच्या जागेत नवे देऊळ बांधले आणि मशिदीला हात लावला नाही. सोमनाथला जुने भग्न मंदिर होते तसे ठेवून थोड्या अंतरावर लहान देऊळ बांधले. त्यात राजकीय शहाणपण होतेच. ही ठिकाणे त्यांच्या मुलखाबाहेर होती, तिथे कोणाचे राज्य आहे हे त्या ओळखून होत्या. मला त्यात गवंड्याचे शहाणपणही दिसते. पडलेल्या वास्तूवर हट्टाने नवे चढवण्यापेक्षा, जिथे पाया पक्का मिळेल तिथे जेवढे निभेल तेवढेच बांधावे.

हे शहाणपण जवळून पाहायचे तर मराठी माणसाला काशीला जायची गरज नाही. मी वेरूळला गेलो. लेण्यांच्या गर्दीतून बाहेर पडून गावात शिरलो. वेरूळ तसे खेडेच. पण या खेड्यात घृष्णेश्वराचे तांबूस दगडाचे देऊळ आहे आणि त्या देवळाला अनेक हात लागलेले आहेत. वेरूळच्या पाटीलकीचे धनी मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवछत्रपतींचे आजोबा, यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. पुढे होळकरांच्या घरातून गौतमाबाई आणि अहिल्याबाई यांनी त्यात हात घातला. एकाने बांधले आणि दुसऱ्याने पाडून आपले केले, असे तिथे झाले नाही. आधीच्याचे सांभाळायचे आणि आपली भर घालायची, असे ते काम पिढ्यांमधून चालत आले.

देवळापासून थोड्या अंतरावर शिवालय तीर्थकुंड आहे. १७६९ मध्ये अहिल्याबाईंनी ते सावरले. चारही बाजूंनी पायऱ्या खाली उतरत जातात, मध्ये पाणी, आणि टप्प्यावर आठ दिशांना आठ लहान देवळ्या. मी सकाळी तिथे गेलो, तेव्हा कुंडात फारसे कोणी नव्हते. पायऱ्यांची उंची पाहत बसलो. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचे पाऊल सहज पडावे असा तो टप्पा आहे. उतरताना मध्येच विसावा घ्यायला जागा, उन्हात सावली देणारा कोपरा, पावसाचे पाणी गाळ सोडून खाली जावे अशी चढण. हे तीर्थ होते आणि गावाची बसायची जागाही होती. मुलगा जाऊन दोन वर्षे झाली होती, राज्य नुकते हाती आले होते, फौज दुसऱ्याच्या हाती होती. आणि अशा वेळी शेकडो कोसांवरच्या एका खेड्यातल्या कुंडाच्या पायऱ्या बसवण्याचे काम त्यांच्या वह्यांत चालू होते.

ते काम चुन्यात झालेले आहे, हे मी मुद्दाम सांगतो. भाजलेली चुनखडी पाण्यात मुरवायची, वाळू घालून बैल जोडलेल्या घाणीत मळायची, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी असे जिन्नस त्या त्या प्रांताच्या रीतीने मिसळायचे. असा चुना दगडापेक्षा नरम असतो. ओल आत शिरली तर ती चुन्यातून बाहेर पडते. ताण आला तर चुना तडकतो, दगड वाचतो. चुना काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. सिमेंटचे उलटे. ते दगडापेक्षा टणक, ओल कोंडून धरणारे. क्षार दगडाच्या पोटात साठतात आणि पापुद्रे सोडवतात. आम्ही १९९१ मध्ये कायमचे म्हणून जे केले, त्यानेच बारवेचे नुकसान झाले. जुन्या कारागिरांना कायमचे काही नसते हे ठाऊक होते. म्हणून ते दुरुस्ती पुन्हा करता येईल असे बांधत.

आणि पुन्हा करायची तर माणूस हवा, पैसा हवा. अहिल्याबाईंच्या कामाचा गाभा मला इथे सापडला. त्या देऊळ किंवा घाट बांधून थांबत नसत. ठिकठिकाणी पूजेअर्चेचा, दिव्याच्या तेलाचा, अन्नछत्राच्या शिध्याचा, राबणाऱ्या माणसाच्या वेतनाचा खर्च भागावा म्हणून त्यांनी जमिनी लावून दिल्या किंवा वर्षासने बांधून दिली. दरसाल गंगेच्या पाण्याच्या कावडी दूरदूरच्या देवळांना जात. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी माळव्यात होता. त्याने लोकांना विचारून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये छापली. त्यात मोठ्या देवळांपेक्षा लहान गोष्टी मन धरतात. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला रस्त्यांवर माणसे नेमलेली, थंडीत गरिबांना कपडे, नांगराला जुंपलेल्या बैलांना थांबवून पाणी पाजायची व्यवस्था, आणि पिकावरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी विकत घेऊन सोडून दिलेली शेते. यातले काहीच मिरवता येण्याजोगे नाही. ही सगळी रोजची कामे आहेत आणि रोजच्या कामाला रोजचा खर्च असतो.

रस्तेही त्यांनी याच रीतीने सुरक्षित केले. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. आधी धाकाने प्रयत्न झाला. मग त्यांनी भिल्लांचा वाटेवरच्या मालावर थोडा कर घेण्याचा जुना हक्क मान्य केला, तीच भिलकवडी. त्याच्या बदल्यात त्या टापूतल्या वाटा राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. जो जवळ राहतो त्यालाच राखणदार करावे, आणि राखणदाराला हक्काचे उत्पन्न असावे, ही त्यांची पद्धत डोंगरातल्या वाटेला आणि गावातल्या घाटाला सारखीच लागू होती.

त्यांच्यावर आक्षेप नाहीत असे नाही. फौजेकडे दुर्लक्ष झाले, दानधर्मावर फार खर्च झाला, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. तुकोजींचे आणि त्यांचे पैशावरून सतत वाजत असे. १७९३ मध्ये लाखेरीला महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेपुढे होळकरांची फौज मोडली. नव्या युद्धतंत्राची दखल होळकरांनी उशिरा घेतली, हे खरेच आहे. पण त्या लढाईतल्या तोफा आज कुणाच्या उपयोगाच्या नाहीत आणि महेश्वरच्या घाटावर आजही कोणी तरी लुगडे धुते आहे, हेही तेवढेच खरे आहे.

शेवटची वर्षे कठीण गेली. १७९० मध्ये मुक्ताबाईंचा मुलगा नथोबा वारला. पुढच्या वर्षी जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती गेल्या. सासऱ्यांच्या शब्दाखातर जी बाई स्वतः थांबली होती, तिला आपल्या मुलीला थांबवता आले नाही. या दुःखावर मी काही लिहू शकत नाही. त्यानंतरही कारभार चालू होता, फिर्यादी ऐकल्या जात होत्या, वर्षासने ठरल्या तिथीला निघत होती. त्यांच्या हुकमांवर त्यांचे स्वतःचे नाव नसे, श्रीशंकराचे असे. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्या वारल्या.

पुढची कथा कमी बोलली जाते. त्यांच्यामागे ज्या व्यवस्था टिकल्या, त्या बहुतेक खासगीच्या उत्पन्नावर टिकल्या. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. खासगीच्या देवळांसाठी, घाटांसाठी, धर्मशाळांसाठी १९६२ मध्ये एक न्यास झाला. देशभर विखुरलेल्या त्या मालमत्तांचा मालक कोण आणि त्या विकता येतात का, हा वाद न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या न्यासाने सार्वजनिक न्यासाच्या कायद्याखाली नोंदणी करावी असा निर्णय दिला. सव्वादोनशे वर्षांनंतरही प्रश्न तोच राहिला आहे. वास्तू उभी आहे, पण तिचा रोजचा खर्च कोणाच्या वहीत मांडायचा?

२०२५ हे त्यांच्या जन्माचे त्रिशताब्दी वर्ष होते. मे महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीला झाली आणि तिथल्या स्मृतिस्थळासाठी सुमारे ६८१ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. ही चांगलीच गोष्ट आहे. त्या वाऱ्यात आमच्या गावानेही बारवेच्या सुशोभीकरणाचा ठराव मांडला. ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचून दाखवले गेले. स्वागत कमान, भोवती पेव्हर ब्लॉक, स्टीलचे कठडे, रंगीत दिवे, कारंजे आणि आतून पुन्हा गिलावा. तरुण पोरे उत्साहात होती. मला १९९१ आठवले. तेव्हा माझ्याही चेहऱ्यावर हाच उत्साह होता.

मी उभा राहिलो. गिलाव्याचे काय झाले ते सांगितले, ते माझ्यामुळे झाले हेही सांगितले. तीस-पस्तीस वर्षांत हे गावासमोर कबूल करायचे मी टाळत आलो होतो. भोवताली पेव्हर ब्लॉक बसवले तर पावसाचे पाणी जमिनीत मुरणार कसे, आणि मुरले नाही तर बारवेत येणार कुठून, असे विचारले. मग म्हणालो, आधी गाळ काढू, भिंतीत रुजलेला पिंपळ काळजीने सोडवू, सिमेंट हलक्या हाताने खरवडून सांधे चुन्याने भरू, पोट आलेल्या भिंतीसाठी जाणकार बोलावू. शेवटी एकच विचारले, या अंदाजपत्रकात झाडणाऱ्या माणसाचा पगार कुठे आहे?

सभा थोडा वेळ गप्प झाली. झाडणाऱ्याचा रकाना त्यात नव्हता. कोणी म्हणाले, बांधकामाला निधी मिळतो, झाडायला कोण देणार? ते चुकीचे बोलत नव्हते. कमानीचे उद्घाटन होते. रोज सकाळी झाडलेल्या पायरीचे होत नाही.

ठराव त्या दिवशी पूर्ण झाला नाही. गिलावा तेवढा यादीतून निघाला, कारंजेही. कमान राहिली, तिच्यावर फार भांडलो तर बाकीचेही हातचे जाईल, हे मी ओळखून होतो. बारवेला लागून गावठाणाचा एक तुकडा आहे. चिंचेची चार जुनी झाडे त्यात आहेत. त्या चिंचांचा दरवर्षी लिलाव होतो. ते पैसे यापुढे बारवेच्या झाडलोटीला आणि दिवाबत्तीला लावावेत, अशी सूचना एका म्हाताऱ्या बाईंनी केली. त्या स्वतः कित्येक वर्षे कोनाड्यात तिन्हीसांजेला पणती लावत आल्या आहेत, आपल्या घरच्या तेलाने. सूचना मंजूर झाली. रक्कम फार नाही, पण तिला स्वतंत्र वही घालायचे ठरले आहे.

बारव अहिल्याबाईंनी बांधली की नाही, याचा शोध आता मी सोडून दिला आहे. त्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र त्यांचे नाव घालावे, असे मी ग्रामसेवकांना सुचवले आहे.